चोरटे मीठ आणि सावांचे करार

गोव्याच्या मिठासंबंधी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे जो करार झाला, त्याविषयी आपल्या लोकांत दोन समजुती रूढ आहेत. पहिली अशी की, हद्दीवर चोरटा व्यापार बोकाळला होता, एका राज्यात गुन्हा करून माणसे दुसऱ्या राज्यात पळून जात होती, म्हणून दोन सुधारलेल्या सरकारांनी समोरासमोर बसून त्यावर शहाणपणाचा तोडगा काढला. दुसरी अशी की, पोर्तुगीज राजवट काही झाले तरी आपल्या धर्माची. तिने इंग्रजांपुढे मान तुकवली असेल तर ती नाइलाजाने, आणि जे गमावले त्याच्या बदल्यात गोव्याला आगगाडी तर मिळाली. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात निघणाऱ्या गप्पांत, लग्नाच्या मांडवात आणि क्वचित आपल्या स्मरणिकांच्या पानांवरही ही विधाने इतक्या सहजपणे केली जातात की, त्यांना कोणी हरकत घ्यावी असे कोणास वाटतही नाही. आम्ही ती येथे घेत आहोत.

समुद्रापासून शेकडो मैल दूर नागपुरात बसून गोव्याच्या मिठाची उठाठेव आम्ही का करावी, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की, या कथेचा आरंभ गोव्यात होतच नाही. तो आपल्या उंबरठ्यावर होतो.

भोसल्यांचे नागपूर १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास येऊन पोचली. एवढे आपल्या मुलांना शाळेत सांगतात. याच वर्षांत या प्रांतातून जकातीची एक प्रचंड रेषा जात होती, हे मात्र कोणी सांगत नाही. वायव्येस अटकेच्या वरच्या अंगापासून निघून दिल्ली, आग्रा, झाशी, होशंगाबाद असे करीत ती रेषा निमाडातील बुऱ्हाणपुरापर्यंत येई आणि तेथून पूर्वेकडे वळून मध्य प्रांत ओलांडीत महानदीपर्यंत जाई. लांबी सुमारे अडीच हजार मैल. तिच्या राखणीस सुमारे बारा हजार माणसे. उत्तर हिंदुस्थानातील सामान्य माणूस तिला ‘परमट लैन’ म्हणे, कारण परमिटाचा कागद दाखविल्याशिवाय तिच्या पलीकडे मिठाचा खडा नेण्याची सोय नव्हती. आणि ती नुसती चौक्यांची रांग नव्हती. पंजाबातील लैय्यापासून बुऱ्हाणपुरापर्यंत ती बहुतेक ठिकाणी कुंपणाची होती: कोठे वाळल्या काट्यांची, कोठे दगडी गडग्याची, आणि शेकडो मैल जिवंत झाडांची. बाभूळ, बोर, करवंद, थोर, निवडुंग. आपल्या रानातली ही ओळखीची झुडपे ओळीने लावून, त्यांना पाणी घालून, माणसाच्या दुप्पट उंचीची भिंत सरकारने उभी केली होती, आणि ती कशासाठी, तर राजपुतान्यातील स्वस्त मीठ पलीकडच्या खेड्यात कर न भरता जाऊ नये म्हणून.

या कुंपणाची शिस्तशीर लागवड करणारा अधिकारी होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८६७ ते १८७० या काळात तो या जकात खात्याचा आयुक्त होता. पक्ष्यांचा मोठा अभ्यासक, मनाने उदार, आणि पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत ज्याचा पुढाकार होता तोच हा ह्यूम. त्याच राष्ट्रीय सभेने पंचेचाळीस वर्षांनी मिठाचाच कायदा मोडावा, या योगायोगाचे आम्हांस मोठे नवल वाटते.

आता थोडे आकडे पाहू, कारण या प्रकरणात आकडे फार बोलके आहेत. १८६९-७० साली या रेषेवर सरकारचा खर्च झाला सुमारे सोळा लाख वीस हजार रुपये. मिठाच्या जकातीचे उत्पन्न आले सुमारे सव्वा कोट. चोरून मीठ नेल्याबद्दल १८६८ साली शिक्षा झालेल्यांची संख्या २,३४०. १८७३-७४ मध्ये ती झाली ३,२७१. १८७७-७८ मध्ये ६,०७७. दहा वर्षांत देशातील लोक एकाएकी अडीचपट अप्रामाणिक झाले, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी वाटून घ्यावे. त्या शेवटच्या वर्षी दक्षिणेत महादुष्काळ होता आणि उत्तरेतही धान्य महागले होते, एवढीच आठवण आम्ही देतो.

ही रेषा १ एप्रिल १८७९ रोजी उठविण्यात आली. इंग्रजी राज्याचे गोडवे गाणारे ग्रंथकार या दिवसाचे वर्णन करताना भरून येतात. रानटी कुंपण गेले, व्यापार मोकळा झाला, मीठ उत्तरेत स्वस्त झाले. यातील शेवटचे विधान खरे आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. पण कुंपण का गेले? दयेपोटी गेले नाही. मीठ वाटेत अडविण्यापेक्षा ते जेथे पिकते तेथेच ताब्यात घेणे सरकारला सोपे आणि स्वस्त वाटले, म्हणून गेले. जयपूर आणि जोधपूर दरबारांशी करार करून सांभर सरोवर १८७० च्या सुमारास हाती घेतले होतेच. १८७९ साली राजपुतान्यातील इतर संस्थानिकांकडूनही मिठाचे करार लिहून घेण्यात आले आणि तेथील गावोगावची मिठागरे बंद पडली. शिवाय देशभर कर सारखा असल्याशिवाय कुंपण काढता येत नव्हते. उत्तरेत मणाला तीन रुपये कर होता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तो एक रुपया तेरा आणे होता. तेव्हा १८७७ च्या अखेरीस या दोन्ही इलाख्यांतील कर वाढवून अडीच रुपये करण्यात आला. मण म्हणजे सुमारे सदतीस किलो. एवढे मीठ पिकविण्याचा खर्च काही आण्यांपलीकडे जात नसे. सोलापूर, विजापूर, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात माणसे आणि गुरे अन्नावाचून मरत असताना त्यांच्या भाकरीवरच्या मिठाचा कर तेरा आणे आणि वर एक आणा नव्हे, तब्बल अकरा आण्यांनी वाढला. उत्तरेतील कुंपण दक्षिणेच्या पैशाने उठले, असे कोणी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

राजपुताना बंद झाला. फ्रेंचांचा बंदोबस्त तर फार पूर्वीच झाला होता. १८१५ च्या लंडन येथील करारान्वये पाँडिचेरी, कारिकल वगैरे वसाहतींतील मिठाची खरेदी इंग्रजांच्या हाती गेली होती आणि त्याबद्दल फ्रान्सला दरसाल चार लाख सिक्का रुपये मिळत होते. हा चार लाखांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. आता भोक राहिले होते ते एकच: गोवा, आणि त्याच्या जोडीला दमण व दीव.

गोव्यातील मिठागरे फार जुनी. बारदेश, तिसवाडी, साष्टी येथील खाड्यांच्या काठी, भरतीचे पाणी मानशीतून आत घ्यावे, वाफ्यावाफ्यांतून फिरवावे, उन्हाने आटवावे, आणि पावसाळ्यापूर्वी खड्यांच्या राशी कराव्यात, हा व्यवसाय आगरी, मीठगावडे आणि आपले ख्रिस्ती शेतकरी पिढ्यान् पिढ्या करीत आले. हे मीठ गोव्याच्या पोटापुरते कधीच नव्हते. लमाण, वंजारी बैलांचे तांडे घेऊन घाटावरून धान्य आणीत आणि परतताना मीठ नेत. बेळगाव-धारवाडच्या बाजारात गोव्याचे मीठ जाणे हा पोर्तुगीज येण्यापूर्वीचा आणि इंग्रज येण्यापूर्वीचा व्यवहार. वाट तीच, बैल तेच, माल तोच, घेणारे तेच. बदलले एवढेच की, मध्ये दोन परक्या सरकारांनी एक रेघ ओढली आणि रेघेच्या एका बाजूस मणाला अडीच रुपये कर बसविला. त्या दिवसापासून लमाण चोर झाला.

हद्दीच्या उल्लंघनाचीही अशीच गोष्ट. १८४४-४५ साली सावंतवाडीच्या मुलखात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. औट्रमच्या फौजांनी पाठलाग केल्यावर फोंड सावंत आणि त्याचे साथी गोव्याच्या हद्दीत उतरले. इंग्रजांनी त्यांची मागणी केली. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ती अमान्य करून त्यांना आश्रय दिला. आश्रितास परत न देण्याचा हा बाणा स्तुत्यच होता, आणि आम्ही त्याची स्तुती करतो. परंतु १८५७ नंतरच्या धामधुमीत त्याच घराण्यातील मंडळी पुन्हा उठली आणि अखेर पोर्तुगीजांच्या हाती आली, तेव्हा त्यांना गोव्यात राहू दिले गेले नाही. त्यांची रवानगी तिमोर बेटावर झाली. पहिल्या वेळी निर्वासित ठरलेली माणसे दुसऱ्या वेळी उपद्रवी ठरली. दरम्यान त्या माणसांत फरक पडला नव्हता. मुंबई आणि पणजी यांच्या परस्परसंबंधांत पडला होता. घाटातल्या टोळ्या निरपराध होत्या, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी गावे लुटली, गरिबांचीही लुटली. पण खलित्यांतून ‘गुन्हेगार’ हा शब्द वाचताना तो कोणत्या सालचा आणि कोणाच्या सोयीचा, एवढे पाहण्याची सवय आपण लावून घ्यावी.

आता प्रत्यक्ष करार. इंग्लंडच्या वतीने सही केली लिस्बनमधील वकील रॉबर्ट मोरिअर याने. पोर्तुगालच्या वतीने परराष्ट्रमंत्री जुआंव द आंद्राद कोर्वो यांनी. कोर्वो हे वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि कादंबरीकारही होते. तेव्हा अज्ञानाची सबब त्यांना लागू नाही. कराराचे नाव ‘व्यापार आणि गुन्हेगारांची परत सोपवणूक’ असे होते. मुदत बारा वर्षांची. हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधील जकात नाके उठले आणि गोव्याच्या बंदरांत इंग्रजी दराची जकात लागू झाली. मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला: गोव्याचे मीठ किती पिकावे, कोणी पिकवावे, ते कोठे आणि कोणत्या भावाने विकले जावे, हे ठरविण्याचा अधिकार गोव्याबाहेरच्या एका खात्याच्या हाती आला. ताडी-माडी आणि दारू यांच्यावर मुंबई इलाख्याच्या धर्तीची अबकारी पद्धत बसली. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही त्याच १८७८ सालचा, आणि त्याने ठाणे-कुलाब्यातील भंडाऱ्यांचे काय केले हे वसईकडील आमच्या वाचकांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. या सर्वांच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला मिळावयाचे होते दरसाल चार लाख रुपये. फ्रेंचांना त्रेसष्ट वर्षांपूर्वी मिळाले तेवढेच!

सव्वा कोट ही उत्तरेतील एका जकातरेषेची एका वर्षाची मिठाची कमाई. चार लाख हा त्याचा एकतिसावा हिस्साही भरत नाही. अर्थात गोव्याचे मीठ म्हणजे सांभरचे मीठ नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही तो सारा बंदोबस्त टिकण्यासाठी हे शेवटचे भोक बुजविणे इंग्रजांना किती अगत्याचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे लिस्बनने माल किती स्वस्तात काढला ते कळते.

आणि तो स्वस्तात का काढला, याचेही कारण आहे. मोरिअर आणि कोर्वो यांच्यापुढे गोवा एकटा नव्हता. त्याच मालिकेत आफ्रिकेतील लोरेन्सु मार्किश बंदरासंबंधीचा करार होता. तो १८७९ च्या मे महिन्यात झाला, पुढे त्यास मान्यता मिळाली नाही. काँगो नदीच्या मुखाचा प्रश्न त्याच वाटाघाटींच्या शेपटास बांधलेला होता. लिस्बनची नजर आफ्रिकेवर खिळली होती. इंग्लंडशी असलेले १३८६ च्या विंडसर तहापासूनचे मैत्र ताजे करून त्या जोरावर आफ्रिकेत हातपाय पसरावे, असा तो बेत. त्या पटावर रायबंदरचा आगरी आणि साष्टीचा रेंदेर या सोंगट्या होत्या, आणि सोंगटीला कोणी विचारीत नाही. या मैत्रीचे फळ पोर्तुगालला ११ जानेवारी १८९० रोजी मिळाले, आफ्रिकेतील मुलूख सोडा अशी निर्वाणीची तंबी लंडनहून आली तेव्हा.

येथे आम्हांस आपल्याच माणसांशी स्पष्ट बोलले पाहिजे. पोर्तुगीज राजवट आपल्या धर्माची होती म्हणून ती आपली होती, ही भावना आपल्या काही घरांत अजून जपली जाते. धर्मगुरूंनी शाळा काढल्या, चर्चे उभारली, संगीत शिकविले, हे त्यांचे ऋण निराळे; ते कोणी नाकारीत नाही. परंतु राज्य म्हणून लिस्बनने काय केले, हे या करारात काळ्यावर पांढरे, नव्हे पांढऱ्यावर काळे लिहिलेले आहे. ज्या मिठागरांवर ख्रिस्ती आणि हिंदू घरे सारखीच जगत होती, ती मिठागरे तिने एका प्रॉटेस्टंट राजसत्तेच्या मीठ खात्याकडे गहाण टाकली. माडावर चढणारा रेंदेर रविवारी मिस्साला जात होता, हे तिला चांगले ठाऊक होते. त्याच्या माडावर कर बसताना ते आडवे आले नाही. भरपाईची भाषा झाली ती सरकारच्या तिजोरीची आणि फार तर मिठागराच्या मालकाची. वाफ्यात गुडघाभर उभ्या राहणाऱ्या मजुराची भरपाई हा विषय दोन्ही वकिलांच्या मनाला शिवला असेल, असे वाटत नाही. राजाचा आणि आपला क्रूस एक असला म्हणजे राजाचे आणि आपले हित एक असते, या भ्रमाची किंमत गोव्याने बारा वर्षे मोजली.

“पण आगगाडी?” होय, आगगाडी आली. लंडनमध्ये १८८१ साली कंपनी स्थापन झाली. मुरगावहून निघालेला मीटरमापी रूळ १८८७-८८ मध्ये कॅसलरॉकला जाऊन भिडला. घाटातील बोगदे, पूल, दूधसागरचा देखावा यांचे कौतुक आम्हीही केले आहे आणि पुन्हा करू. परंतु कंपनीच्या भांडवलावर व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती, आणि मिठाबद्दल मिळणारे ते चार लाख या हमीपायी जात होते. म्हणजे गोव्याच्या मिठागरांचे पैसे मुंबईहून निघत आणि लंडनच्या भागीदारांच्या खिशात जाऊन पडत. मधल्या मध्ये गोव्याला जे मिळाले ते असे की, मिठागरे आणि माड यांवर पोट भरेनासे झालेल्या गोवेकराला परमुलखात जाण्यासाठी गाडी दारात आली. गोव्यातून मुंबईकडे आणि पुढे कराचीपासून आफ्रिकेपर्यंत जाणाऱ्यांचा ओघ या करारापूर्वीही होता. करारानंतर तो वाढला. नागपुरात रेल्वेच्या नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेली गोवेकर घराणी आपल्या धर्मग्रामांत आहेत. आपले पणजोबा ‘प्रगतीसाठी’ बाहेर पडले असे त्यांपैकी काहींना सांगण्यात आलेले आहे.

कराराची मुदत जानेवारी १८९२ मध्ये संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. नाके पुन्हा बसले, चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या, पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. ज्या चोरट्या व्यापाराचा कायमचा बंदोबस्त झाला म्हणून सांगतात, त्याची ही अखेर.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो आमच्या वाचकांपैकी श्रद्धावान माणूसच घेईल. कर चुकविणे हे पाप नव्हे काय? कैसराचे कैसराला द्या, अशी प्रभूची आज्ञा नाही काय? आक्षेप गंभीर आहे आणि त्याची थट्टा करू नये. कर हा समाजाच्या निर्वाहाचा भाग आहे. रस्ते, दवाखाने, शाळा त्यावरच चालतात. आणि जो सधन माणूस तो बुडवितो तो शेजाऱ्याच्याच ताटातले काढून घेतो. हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण त्या शुभवर्तमानातील प्रसंगात प्रभू येशूने आधी नाणे मागून घेतले आणि त्यावर मुखवटा कोणाचा आहे, हे विचारले, याकडे आपले लक्ष असावे. मिठाच्या खड्यावर कोणाचा मुखवटा होता? समुद्र कैसराने भरला नव्हता, ऊन त्याने पाडले नव्हते, वाफे त्याने बांधले नव्हते. शिवाय या कराचे स्वरूपच असे की, कुबेर आणि भिकारी दोघांच्या जेवणात मीठ तेवढेच लागते. तेव्हा भिकाऱ्यावर त्याचे ओझे कितीतरी अधिक. अशा करास विरोध करणे आणि सोन्याची बिस्किटे विमानतळावरून दडवून आणणे, या दोहोंना एकच ‘तस्करी’ हा शब्द वापरणे हा विचाराचा आळस आहे.

या शब्दाचा आमच्या भागातील आजचा उपयोग पाहा. वर्धा जिल्ह्यात गेली कित्येक दशके दारूबंदी आहे; गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे; चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. दारूबंदीच्या हेतूशी आमचे भांडण नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या धर्मग्रामांतही आहेत, आणि बंदीसाठी ज्या बाया रस्त्यावर उतरल्या त्यांचा आम्ही आदर करतो. पण नागपूर जिल्ह्याची हद्द ओलांडताना जो सापडतो तो कोण असतो, हे रोजच्या वर्तमानपत्रात पाहावे: दुचाकीवरचा पोरगा, पिशवी घेतलेली विधवा, भाड्याच्या गाडीचा चालक. त्यांची नावे, गावे, वये छापून येतात. माल ज्याच्या गोदामातून निघाला त्याचे नाव छापून आल्याचे आम्हांस क्वचितच आढळते. १८७७-७८ च्या त्या ६,०७७ माणसांतही मोठे व्यापारी किती होते, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

मीठ पिकविण्याचा हक्क आपल्या विदर्भानेही मागितला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अकोला-अमरावतीकडील पूर्णेच्या खोऱ्यात विहिरींचे पाणी खारे. तो सारा खारपाण पट्टा. १९३० साली गांधीजी दांडीला पोचल्यावर, समुद्र नसलेल्या वऱ्हाडाने मिठाचा कायदा मोडला तो अकोल्याजवळच्या दहीहंडा या गावी, तेथील खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून. जेथे खारे पाणीही नव्हते तेथे लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी त्याच वर्षी तो मोडला. मीठ असो की गवत, सरकारच्या लेखी हे सारे चोर होते. मिठावरील कर अखेर १९४७ साली गेला.

स्वराज्यानंतर या भाषेचा शेवट झाला, असे मात्र समजू नये. १९५४-५५ पासून भारत सरकारने गोव्याभोवती आर्थिक नाकेबंदी केली. १९५५ साली हद्दीवरची आगगाडी थांबली. सालाझारच्या हटवादीपणामुळे सरकारला काही करणे भाग होते, हे खरे. गोवा मुक्त व्हावयास हवा होता आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी तो झाला, याचा आम्हांस आनंद आहे. पण मधल्या सहा-सात वर्षांत पेडणे आणि सावंतवाडी यांच्यामध्ये तेरेखोलच्या काठी ज्यांची शेते एका बाजूस आणि सोयरेधायरे दुसऱ्या बाजूस होते, त्यांच्या डोक्यावरील पाटीत काय आहे हे तपासणारा शिपाई आता आपला होता, एवढाच फरक त्यांना जाणवला असेल. नाकेबंदीचा खरा मार सालाझारला बसला की त्या पाटीवालीला, हा प्रश्न आपल्या देशभक्तीच्या भरात आपण कधी विचारला नाही.

आणि मीठ? गोव्याची मिठागरे आता फार थोडी उरली आहेत. काही बुजवून घरे झाली, काहींचे बांध फुटून खारफुटी माजली, काहींवर काम करावयास माणसे मिळत नाहीत. जी चालतात त्यांच्यापुढे नवा कायदा आहे: आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकता येत नाही. ही बंदी १९९८ साली देशभर आली, २००० साली उठली आणि २००६ साली पुन्हा लागू झाली. आयोडीनच्या अभावी गलगंड होतो, मुलांची वाढ खुंटते; विदर्भातील डॉक्टरांनी हे पाहिलेले आहे, आणि आयोडीनला विरोध करण्याचा अडाणीपणा आम्ही करणार नाही. परंतु मिठात आयोडीन मिसळणे हे काही मोठे यंत्रशास्त्र नव्हे. आयोडेटचे पाणी ठराविक प्रमाणात फवारून ते मिसळता येते, आणि त्याची लहान साधने आगराच्या बांधावर बसविता येतात. मोठ्या कारखान्यांनी ती बसविली. आगरवाल्याला मात्र सरकारने कायदा दिला, साधन दिले नाही. म्हणून त्याचे मीठ आज रस्त्याच्या कडेला पोत्यावर मांडलेले दिसते आणि कायद्याच्या डोळ्यांना ते खाण्यालायक नसते. गोवा सरकारने आणि केंद्राच्या मीठ खात्याने प्रत्येक चालू मिठागराच्या गटाला असे एक साधन, त्याची तपासणी आणि आयोडेटचा पुरवठा अल्प दरात करावा, आणि ते होईपर्यंत आगरावरच्या माणसावर कारवाई करू नये, अशी मागणी गोव्यातील धर्मग्रामांनी आणि आपण बाहेरच्यांनीही लेखी करावी.